शोध छापून आला, कसोटीचे काय?

माननीय संपादक महोदय यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या काही वर्षांत नव्या धातूंविषयी, त्रिमितीय छपाईविषयी आणि उद्याच्या कारखान्यांविषयी बऱ्याच बातम्या येऊन गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये मी छत्तीस वर्षे काढली. साचे, डाय आणि जिग-फिक्स्चर यांवरच घर चालले. त्यामुळे अशा बातम्या मी आवडीने वाचतो आणि, खरे सांगायचे तर, थोडा चडफडतोही. चडफड अशासाठी, की बातमी जिथे संपते तिथे आमच्या कामाला नुकती सुरुवात झालेली असते. प्रयोगशाळेत एक नमुना तयार झाला, तो पोलादापेक्षा इतक्या पटींनी बळकट निघाला, एवढे सांगून बातमी थांबते. तोच नमुना दुसऱ्यांदा, दोनशेव्यांदा, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या माणसाच्या हातून आणि ऐन पावसाळ्यात तसाच निघतो का, हे कोणी विचारत नाही. निर्मितीच्या क्षेत्रातले आजचे पुष्कळसे महत्त्वाचे संशोधन नेमक्या याच प्रश्नाभोवती चालले आहे आणि पुण्याला त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे, एवढेच मला मांडायचे आहे. पत्र लांबले आहे. छापताना काटछाट केलीत तरी हरकत नाही, आकडे तेवढे कापू नयेत.

सुरुवात कौतुकानेच करतो. ९ मे २०२४ रोजी इस्रोने महेंद्रगिरीच्या आपल्या केंद्रात पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्याचे त्रिमितीय छपाईने, म्हणजे धातूची पावडर थरावर थर पसरून लेसरने वितळवत, बनवलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वी हे इंजिन १४ भाग जोडून तयार होत असे. आता ते एकसंध छापले गेले, त्यामुळे वेल्डिंगचे १९ जोड गळाले, आणि घडाईचे तुकडे व पत्रे मिळून जिथे ५६५ किलो धातू लागत होता तिथे १३.७ किलो पावडर पुरली. निर्मितीचा एकूण वेळ ६० टक्क्यांनी घटला. ज्याने उमेदवारीच्या काळात लेथखालची चिप, म्हणजे कापून पडलेला धातूचा चुरा, घमेल्याने उचलली आहे, त्याला ५६५ आणि १३.७ हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडणाऱ्या बऱ्याच प्रवासी विमानांना जी लीप जातीची इंजिने असतात, त्यांतल्या इंधन-नोझलची टोकेही २०१६ पासून छापलेलीच आहेत; तिथे सुमारे २० भागांच्या जागी एकच भाग आला आणि वजन चतुर्थांशाने कमी झाले. म्हणजे हे तंत्र आता प्रदर्शनात मांडण्यापुरते उरलेले नाही, माणसे त्याच्या भरवशावर आकाशात जातात.

मात्र हेच आकडे चाकणच्या मोटार कारखान्यांना आणि मुंढव्याच्या घडाई कारखान्यांना लावून, आता सगळेच छापले जाईल, असा निष्कर्ष काढणे म्हणजे हिशेब न करता बिल लावण्यासारखे आहे. मोटारीचा क्रँकशाफ्ट बंद डायमध्ये घडवला जातो तेव्हा बाहेर येणारी फ्लॅश, म्हणजे कडेचा जादा धातू, मर्यादित असते, ती भंगारात जाऊन पुन्हा भट्टीत वितळते, आणि डायचा खर्च लाखो नगांवर वाटला जातो. याउलट छपाईची पावडर करताना वितळलेल्या धातूच्या धारेवर वायूचा जोरदार मारा करून तिचे बारीक थेंब करावे लागतात आणि थिजलेल्या थेंबांतून साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाणे चाळून घ्यावे लागतात. साहजिकच ही पावडर त्याच धातूच्या सळईपेक्षा कितीतरी पट महाग पडते. शिवाय थर ३० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे वीतभर उंचीच्या वस्तूला काही हजार थर, आणि तेवढा वेळ लेसर चालू. घडवलेल्या भागात धातूचे तंतू त्याच्या आकाराला धरून वळतात, त्यामुळे तो वारंवारच्या ताणाला टिकतो. छापलेल्या भागाची ताकद उभ्या आणि आडव्या दिशेला अनेकदा वेगवेगळी भरते. मुंढव्याच्या हॅमरला त्रिमितीय छपाईची भीती बाळगायचे कारण मला तरी दिसत नाही. फायदा आहे तो महाग धातूत, थोड्या नगांत, आणि जिथे आतली पोकळी ड्रिलने पाडताच येत नाही अशा ठिकाणी. तशी एक जागा आमच्या टूलरूममध्येच होती.

प्लास्टिकचा भाग साच्यात भरल्यावर तो थंड होण्यातच एकूण चक्राचा निम्म्याहून अधिक वेळ जातो. साच्यात पाणी खेळवण्यासाठी आम्ही भोके पाडतो, पण ड्रिल सरळच जाते. खोल, निमुळत्या कोअरच्या, म्हणजे भागाला आतून आकार देणाऱ्या साच्याच्या उंचवट्याच्या, टोकापर्यंत पाणी पोचत नाही, तिथे गरम ठिपका राहतो, आणि झाकण वाकडे येऊ नये म्हणून ऑपरेटर साचा आणखी काही सेकंद मिटून ठेवतो. छापलेल्या इन्सर्टमध्ये, म्हणजे साच्यात बसवायच्या सुट्या तुकड्यात, पाण्याची वाट कोअरच्या पृष्ठभागाला समांतर, वळणे घेत नेता येते. माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत आम्ही असा एक इन्सर्ट मॅराजिंग स्टीलमध्ये करून घेतला. या पोलादात कार्बन जवळजवळ नसतो, निकेल सुमारे १८ टक्के असते, आणि छापून झाल्यावर साधारण ४९० अंश सेल्सियसला काही तास ठेवले की ते कठीणपणाच्या रॉकवेल मापावर पन्नाशीच्या पुढे कठीण होते. इन्सर्ट दिसायला देखणा होता. बसवला, चक्र खाली आले, मालक खूश झाले, आणि काही हजार शॉटनंतर, म्हणजे साचा तितक्या वेळा भरून झाल्यावर, कोअरच्या बाजूने पाणी पाझरू लागले.

छापून देणाऱ्याचे म्हणणे पडले की मशीन परदेशी आहे, पावडरीचे सर्टिफिकेट सोबत दिले आहे, दोष तुमच्या फिटिंगचा किंवा पाण्याच्या दाबाचा असणार. सर्टिफिकेट खरेच होते. ते पावडरीच्या रासायनिक घटकांचे होते, आमच्या तुकड्याचे नव्हते. क्ष-किरणांनी आतून पाहण्याची चौकशी केली, तर इतक्या जाड पोलादातून किरण नीट पार होत नाहीत असे कळले, आणि जिथे जमण्यासारखे होते तिथला दर ऐकून मालकांनी फोन खाली ठेवला. शेवटी आम्ही तो इन्सर्ट वायरकटवर, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, उभा कापला, एमरी पेपरवर घासून आरशासारखा केला आणि एका महाविद्यालयातल्या स्नेही प्राध्यापकांच्या कृपेने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पाण्याच्या वाटेपासून बाहेरच्या पृष्ठभागाकडे जाणाऱ्या चपट्या, वेड्यावाकड्या पोकळ्या दिसल्या आणि त्यांच्यात न वितळलेले गोल दाणे तसेच बसलेले होते. आमच्या फिटरने डोळा लावला आणि तो एवढेच म्हणाला, "साबुदाणा कच्चाच राहिलाय की, साहेब." पुढे चौकशीत कळले की ती पावडर अनेकदा वापरून झालेली होती आणि आषाढातल्या दमट हवेत डबा उघडा राहिला होता. ओलसर पावडर गुठळ्या धरते, थर सारखा पसरत नाही आणि जिथे तो जाड पडतो तिथे लेसर तळापर्यंत पोचत नाही, असा आमचा अंदाज होता. दुसरा इन्सर्ट सुकवलेल्या ताज्या पावडरीत केला. या वेळी छपाई ज्या पाटावर होते त्याच पाटावर त्याच्या शेजारी तीन उभ्या सळ्या छापून घेतल्या, आणि त्या ताणून तोडून पाहिल्याशिवाय इन्सर्ट साच्यात घातला नाही. तो मी निवृत्त होईपर्यंत चालत होता. बेचाळीस सेकंदांचे चक्र तीसवर आले होते.

शेजारी सळ्या छापण्याची ही युक्ती आमची नव्हे. कोणत्याही बऱ्या फाउंड्रीत प्रत्येक हीटबरोबर, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळीबरोबर, टेस्ट बार म्हणजे चाचणीची सळई ओतली जाते, तिच्यावर हीट नंबर ठोकला जातो आणि कास्टिंग परत आले तर तो बार शोधून काढता येतो. शंभर वर्षांच्या ओतकामाने कमावलेली ही शिस्त छपाईच्या खोलीत शिरताना मात्र दाराबाहेर राहते, कारण तिथे एसी आहे, पडदा आहे आणि संगणकावर हिरवा दिवा आहे.

आता या पोकळ्यांबद्दल जगात काय चालले आहे ते पाहा, म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल. लेसरची शक्ती कमी पडली तर आमच्यासारखी कच्ची पोकळी राहते. शक्ती जास्त झाली तर उलटेच संकट येते: धातू उकळून वाफ होते, वाफेच्या दाबाने वितळलेल्या डबक्यात खोल, अरुंद विहीर पडते, आणि ती ढासळताना तळाशी बुडबुडा अडकून गोठतो. ही विहीर धातूच्या आत असल्याने कोणाला दिसत नव्हती. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेच्या प्रखर क्ष-किरणांपुढे लेसर चालवून कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या आणि आर्गॉनच्या संशोधकांनी तिचे अतिवेगवान चित्रण केले आणि कोणत्या शक्तीला व वेगाला ती पडते, याचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने पुढची पायरी मांडली: क्ष-किरणांच्या चित्रांवरून संगणकाला शिकवायचे, आणि मग वरून घेतलेल्या साध्या तापचित्रांतल्या चढउतारांवरून आत बुडबुडा अडकला की नाही हे त्याच क्षणी ओळखायचे. असे प्रखर क्ष-किरण देणारे अवाढव्य सिंक्रोट्रॉन यंत्र काही प्रत्येक कारखान्यात बसवता येत नाही, तापकॅमेरा मात्र बसवता येतो. माझ्या मते या दोन शोधनिबंधांची योग्यता कोणत्याही महाबळकट धातूच्या बातमीपेक्षा मोठी आहे. यांतल्या एकाचेही कात्रण माझ्या फाइलमध्ये नाही, कारण मराठीत ते मला कुठे छापून आलेले दिसले नाही.

धातूंचीही गोष्ट याहून वेगळी नाही. ७०७५ हे जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे घातलेले ॲल्युमिनियम विमानांत वापरतात, आमच्याकडे फिक्स्चरलाही वापरतात, आणि ते वेल्ड होत नाही हे कोणताही जुना वेल्डर सांगेल. वितळवून जोडायला गेले की गोठता गोठता त्याला चीर पडते. झाडाच्या फांद्यांसारखे लांबलचक स्फटिक वाढतात, फांद्यांच्या बेचक्यात शेवटचा द्रव अडकतो, आकुंचनाने तो ओढला जातो आणि तिथे फट राहते. १९९१ मध्ये इंग्लंडच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटने फिरत्या पिनने धातू न वितळवता, नुसता मऊ करून ढवळत जोडण्याची पद्धत काढली आणि वेल्डिंगपुरता प्रश्न सोडवला. छपाईत धातू वितळवल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून तिथे ७०७५ वर्ज्यच होते. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एचआरएल प्रयोगशाळेने पावडरीच्या दाण्यांवर झिरकोनियमचे अतिसूक्ष्म कण चिकटवले. त्या कणांभोवती असंख्य बारीक, गोलसर स्फटिक एकाच वेळी उगवले आणि चिरा थांबल्या. 'नेचर'मध्ये हे आले तेव्हा मोठी क्रांती म्हणून गाजले. क्रांती होतीच, पण आपल्या भोसरीतल्या ॲल्युमिनियम फाउंड्रीत ओतण्याआधी लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूच्या पळीत, टायबोरची कांडी टाकणारा माणूस वर्षानुवर्षे दुसरे काय करतो? टायटॅनियम-बोरॉनचे कण टाकून तोही दाणा बारीक करतो आणि चिरा टाळतो. तत्त्व एकच आहे. लेसरच्या डबक्यात, सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होणाऱ्या धातूत ते टिकेल असा कण हजारो शक्यतांमधून हुडकणे, हे खरे नवे काम होते. त्यापुढेही त्या धातूला ७ए७७ हा अधिकृत नोंदणी क्रमांक मिळायला २०१९ उजाडले. हा क्रमांक मिळाला तेव्हा कुठे एखादा डिझायनर तो आपल्या ड्रॉइंगवर लिहू शकला.

नासाच्या जीआरएक्स-८१० या मिश्रधातूचेही तसेच. निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियमच्या दाण्यांवर यट्रियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म लेप देऊन तो छापला, की सुमारे १,१०० अंशांच्या उष्णतेत सतत ताणाखाली तो जुन्या मिश्रधातूंच्या मानाने हजारपट काळ टिकतो. २०२३ मध्ये ही बातमी सर्वत्र आली. अशा ऑक्साइडच्या कणांनी धातू उष्णतेत टिकतो, हे धातुशास्त्राला कित्येक दशके ठाऊक आहे. अडचण होती ती कण धातूत एकसारखे पसरवण्याची, आणि त्यासाठी पूर्वी पावडर तासन्‌तास गोळ्यांच्या चक्कीत दळावी लागे. शोध आहे तो कण पसरवण्याच्या स्वस्त पद्धतीचा. मथळ्यात मात्र हजारपट.

मथळ्यांवरून आठवले. जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या एका गटाने एलके-९९ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, असल्याचा दावा केला. आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर तोच विषय होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तो पदार्थ लगेच स्वतः बनवून पाहिला आणि त्यांना त्यात अतिवाहकता आढळली नाही. पुढे जर्मनीत त्याचे शुद्ध स्फटिक वाढवले गेले तेव्हा ते तर चक्क विद्युतरोधक निघाले. आपल्या देशातल्या एका सरकारी प्रयोगशाळेने इतक्या तातडीने केलेली ही कसोटी पहिल्या पानावर यायला हवी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलच्या डीपमाइंडने संगणकाच्या साह्याने २२ लाख नव्या स्फटिकरचना सांगितल्या आणि त्यांतल्या ३ लाख ८० हजार सर्वाधिक स्थिर ठरवल्या. अँथनी चीतम आणि राम शेषाद्री या दोन नामवंत पदार्थरसायनज्ञांनी ती यादी तपासून दुसऱ्या वर्षी लिहिले, की खरोखर नवे, विश्वासार्ह आणि उपयोगी अशा तिन्ही कसोट्यांना उतरणारे संयुग त्यांना त्यात फारसे दिसले नाही. संगणक निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. वर सांगितलेला झिरकोनियमचा कण निवडतानाही संगणकाचीच मदत झाली होती. फरक इतकाच, की तिथे प्रश्न नेमका होता आणि उत्तर भट्टीत घालून तपासले गेले.

पदार्थ माहीत असूनही तो बनवता न येण्याची किंमत पुण्याने अगदी अलीकडे मोजली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि ज्यांच्या मोटरीत हे चुंबक लागतात त्या आपल्याकडच्या विजेवरच्या दुचाकींचे उत्पादन पाहता पाहता अडचणीत आले. आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात ही चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक जपान आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे शोधला गेला त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. त्याचे घटक पाठ्यपुस्तकात आहेत. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आपल्याकडे खनिजही आहे. आपल्याकडे नाही ती मोठ्या प्रमाणावर चालणारी मधली साखळी: ऑक्साइडपासून धातू काढणे, त्याची पातळ पट्टी ओतणे, ती हायड्रोजनने फोडून तीन ते पाच मायक्रॉनपर्यंत दळणे, चुंबकीय क्षेत्रात दाणे एका दिशेला लावून दाबणे आणि मग भट्टीत भाजणे, आणि हे सारे हवेतल्या प्राणवायूचा स्पर्श न होऊ देता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अशा चुंबकांच्या निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन क्षमतेचे उद्दिष्ट ठेवून. योजनेचे स्वागतच आहे. मात्र दळताना दाणा तीनऐवजी सहा मायक्रॉनचा राहिला, तर चुंबकाचे काय होते आणि ते कसे ओळखायचे, हे जाणणारी माणसे निविदा काढून मिळत नाहीत.

पुण्यात ज्ञानाचा तुटवडा आहे असे कोणी म्हणणार नाही. १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९६६ पासूनची वेताळ टेकडीवरची, वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय आहे, पाषाणला इलेक्ट्रॉनिक पदार्थांची सी-मेट आणि संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आहेत. सूक्ष्मदर्शक, ताणयंत्रे, क्ष-किरणांची उपकरणे या शहरात जितकी आहेत तितकी देशात थोड्याच ठिकाणी असतील. तरीही दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला त्या दारापर्यंत जाणारी वाट सापडत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. कोणाला भेटायचे, दर काय, नमुना केवढा हवा, अहवाल किती दिवसांत मिळेल, यातले काहीच आधी कळत नाही, आणि ओळख नसेल तर पत्रालाही उत्तर येत नाही. माझी ओळख होती म्हणून साबुदाणा दिसला. ज्याची नाही, त्याने इन्सर्ट भंगारात टाकला असता आणि ही छपाई म्हणजे निव्वळ थोतांड, असे चारचौघांत सांगितले असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत जाहिरातीने गेली नाही, नांगर प्रत्यक्ष चालवून दाखवल्यावर गेली.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्रिमितीय छपाईचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले तेव्हा ५० तंत्रज्ञाने, १०० नवउद्योग आणि ५०० उत्पादने असे आकडे बातम्यांत झळकले होते. किती नमुने तोडून पाहणार, हा आकडा त्यांत नव्हता. तो आता पुण्यापुरता तरी ठरावा. भोसरी आणि चाकणच्या उद्योजक संघटनांनी आणि इथल्या शिक्षणसंस्थांनी मिळून एक कसोटीघर उघडावे, त्याचे दरपत्रक दारावर लावावे, आणि टेस्ट बार दिल्यावर ठरलेल्या दिवशी अहवाल हातात पडावा. अहवाल मराठीतही मिळाला तर उत्तम, कारण तो वाचायचा असतो मशीनवर उभ्या असलेल्या माणसाने. छापून देणाऱ्या प्रत्येकाकडून, पाटावर शेजारी छापलेल्या सळ्या आणि पावडर किती वेळा वापरली याची नोंद मागून घेण्याची सवय खरेदी करणाऱ्यांनी लावावी. मोठ्या कंपन्या ती मागू लागल्या की लहानांना आपोआप मिळेल. सार्वजनिक पैशावर झालेल्या संशोधनात जे नमुने चिरले, फुटले, सच्छिद्र निघाले त्यांचीही नोंद खुली व्हावी, कारण चिरलेल्या तुकड्यातून आम्ही जेवढे शिकतो तेवढे शाबूत तुकड्यातून शिकत नाही. आणि आयटीआयमध्ये टर्नर-फिटरच्या जोडीला पावडर हाताळण्याचे शिक्षण सुरू करावे. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची बारीक पावडर हवेत उडाली तर ठिणगीने भडकते, आणि तिच्यावर पाणी मारणे म्हणजे आगीत भर घालणे. ही गोष्ट मुलांना पहिल्या दिवशी कळायला हवी, अपघातानंतर नव्हे.

आपणांस विनंती एवढीच, की पुढच्या वेळी नव्या पदार्थाची बातमी येईल तेव्हा वार्ताहराने संशोधकांना आणखी तीन प्रश्न विचारावेत: असे किती नमुने केले, त्यांतले किती नापास झाले, आणि तुमच्या प्रयोगशाळेबाहेर हे कोणी करून पाहिले आहे का. उत्तरे येतील तशी छापावीत. आमचा तो उभा कापलेला इन्सर्ट अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेला आहे. आपल्या वार्ताहरांपैकी कोणाला पाहायचा असेल तर अवश्य घरी यावे. भिंग मी देईन.

आपला,
एक निवृत्त टूलरूम अभियंता
चिंचवड, पुणे